बारा हजार चारशे

विहिरींचं पाणी तळाला गेलं की मिस्त्रीचं दुकान भरायचं. पंप कोरडा फिरायचा, मोटर तापायची आणि जळका वास सोडून एकदाची गप्प व्हायची. मग तिला हातगाडीवर घालून, आजारी माणसाला न्यावं तसं सांभाळत, लोक बाजारगल्लीच्या टोकाला त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन यायचे. लोकांचं नुकसान होतं तेव्हा आपल्या घरात चार पैसे येतात, हे मिस्त्रीला ठाऊक होतं. त्यामुळे उन्हाळ्यात तो गिऱ्हाइकासमोर फारसा हसायचा नाही, मजुरी सांगताना आवाज चढवायचा नाही आणि उधारीला नाही म्हणायचा नाही. यंदा तर दुकानासमोर अकरा मोटरी ओळीने पडल्या होत्या. असा हंगाम पाच-सहा वर्षांत आला नव्हता. तरीही दुपारी जेवायला बसला की घास त्याच्या तोंडात फिरायचा.

कारण घरातच होतं. मुलगी डिग्री घेऊन परत आली होती.

चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या कॉलेजात तिचं नाव घातलं, त्याच दिवशी गल्लीने तिला 'इंजिनिअर' करून टाकलं. इंजिनिअर, तुझ्या आईला हाक मार. इंजिनिअर, चहाचे कप घेऊन जा. सुरुवातीला मिस्त्रीला हे ऐकताना गुदगुल्या व्हायच्या. त्याची बायको तर भाजी आणायला गेली तरी 'इंजिनिअरची आई' म्हणून दोन मिरच्या जास्त घेऊन यायची. आता तीच हाक कानावर आली की मिस्त्री मान खाली घालून मोटरीत तार ओढत राही.

कॉलेज त्याने स्वतः जाऊन पारखलं होतं. बाकीच्या मुलांचे बाप काचेच्या भिंती आणि हिरवळ बघत हिंडत होते. मिस्त्री मात्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात वीजपेटीपाशी उकिडवा बसला. पेटीचं झाकण उघडून बघितलं, तारा विंचरल्यासारख्या सरळ, प्रत्येक तारेला क्रमांक. मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगचे खड्डे बघितले, ते दोन-दोन होते आणि असायला हवेत तसे ओले होते. अर्थिंग कोणाला दिसत नाही, म्हणून सगळे तिथेच हात मारतात. मिस्त्रीचं उभं आयुष्य हे बघण्यात गेलेलं. जे लोक न दिसणारं काम इतकं चोख करतात ते दिसणाऱ्या कामात कशाला फसवतील, असा हिशेब त्याने मनाशी केला. मग हातातल्या कॉलेजच्या पुस्तिकेवर त्याचा विश्वास बसला. पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत छापलं होतं : सरासरी पगार, महिना पंचेचाळीस हजार.

त्याने सही केली. सात लाखांचं कर्ज आणि त्याला तारण दुकानाची जागा. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नव्हता, व्याज मात्र गुपचूप वाढत होतं. सातांचे नऊ लाख झाले. आता येत्या पाच तारखेपासून महिना बारा हजार चारशे, आणि ते पुढची दहा वर्षं.

आणि नोकरी आली ती अठरा हजारांची.

*

"सोमवारपर्यंत सही करून पाठवायची आहे," मुलगी म्हणाली. जेवणं झाली होती. तिने लॅपटॉप उघडून जमिनीवर ठेवला होता आणि तिघे त्याच्याभोवती बसले होते.

"अठरा तर अठरा," आई म्हणाली. "सुरुवातीला कोणाला जास्त मिळतं? तुझे बाबा पहिल्या वर्षी नुसत्या चहावर राबत होते."

"आई, हातात अठरा नाही येत. कापून सोळा हजार दोनशे. खोलीचे पाच, तेही चौघींत. जेवणाचे चार. बसचे दीड. राहिले पाच हजार सातशे." तिने पडद्यावर बोट ठेवलं. तिथे चौकोनांत आकडे भरले होते, एकाखाली एक, दहा वर्षांचे. "हप्ता बारा हजार चारशे. म्हणजे मी नोकरी केली तर तुम्ही मला दर महिन्याला सहा हजार सातशे पाठवायचे."

मिस्त्री म्हणाला, "पगार वाढेल की."

"दोन वर्षं नाही. तसं लिहून घेतात, आणि मूळ कागद त्यांच्याकडे ठेवायचे. मधेच सोडलं तर दीड लाख भरायचे. पुढे वाढतो काहींचा, नाही म्हणत नाही. आमच्या वरच्या वर्गातल्या एकीला सहा वर्षांनी चाळीस मिळायला लागले. पण तिच्या बापाने कर्ज काढलं नव्हतं."

"दुसरीकडे बघ ना."

"एकशे चाळीस ठिकाणी पाठवलंय. एकाने बोलावलं, ते हे."

"मग ते पंचेचाळीस कोणाला मिळाले?" मिस्त्रीचा आवाज चढला. "छापलं होतं त्यांनी! मी वाचलंय माझ्या डोळ्यांनी!"

मुलगी शांतपणे सांगू लागली. शिकवणी घेतल्यासारखं सांगत होती, त्याचाच त्याला जास्त राग आला. वर्गात एकशे वीस जण. नोकरी मिळाली बावन्नांना. त्यातले चार परदेशात गेले, त्यांचे पगार लाखांत. उरलेल्यांना पंधरा, अठरा, वीस. सगळ्यांची बेरीज करायची आणि बावन्नांनी भागायचं.

"आणि ज्यांना मिळालीच नाही ते?"

"त्यांना धरत नाहीत."

"शून्य म्हणून धरायचे ना!"

"शून्य म्हणूनही नाही धरत, बाबा."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. पंचवीस वर्षं तो मोटरीच्या खाचांमध्ये तार भरत होता. प्रत्येक खाचेत वेढे सारखे हवेत, एकाचाही फरक चालत नाही. "एका खाचेत नव्वद वेढे घातले आणि दुसरीत वीस," तो म्हणाला, "आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, सरासरी पंचावन्न आहेत, काळजी करू नका, तर बटण दाबल्याबरोबर जळेल ती मोटर. लोक मला गल्लीत उभं करून मारतील."

"तुम्हाला मारतील," मुलगी म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

*

बँकेतल्या साहेबाने बापलेकीला तासभर बाकावर बसवून मग आत बोलावलं. बोलायला वाईट नव्हता. मुदत वाढवता येते म्हणाला, हप्ता कमी होतो, फक्त पगाराची पावती जोडावी लागेल.

"पगार नाही साहेब, म्हणून तर आलोय," मिस्त्री म्हणाला.

"मग पगार नसल्याचा दाखला आणा."

"तो कोण देतो?"

साहेबाने पेन गालाला लावून विचार केला. "तेही खरंच," तो म्हणाला, आणि कागद परत केले. "तीन हप्ते थकले तर जागेवर नोटीस जाते. माझ्या हातात काही नसतं त्यात. आपोआप जाते."

मिस्त्री उठला, एवढ्यात साहेबाने वर बघितलं. "मिस्त्री, आलाच आहात तर हा पंखा बघता का जरा? आठवडा झाला, नुसता कण्हतोय."

मिस्त्रीने एकदा मुलीकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि स्टुलावर चढला. मुलीने स्टूल धरलं. साहेबाने आपला चहा पंख्याखालून बाजूला घेतला, धूळ पडू नये म्हणून. वरून मिस्त्रीला सगळं दिसत होतं. पात्यांवर साचलेली काळी मळी, मुलीचा भांग, तिचे स्टुलाला घट्ट धरलेले हात, आणि साहेबाच्या कपाटावर ठेवलेला त्याच कॉलेजच्या पुस्तिकांचा नवा कोरा गठ्ठा. खिशातल्या पेचकसाने त्याने दोन स्क्रू आवळले, बेअरिंगमध्ये तेल सोडायला सांगितलं आणि खाली उतरला. पंखा मुकाट फिरू लागला.

"वा! हाताला गुण आहे तुमच्या," साहेब म्हणाला. "पाच तारीख तेवढी विसरू नका."

दोघे बाहेर उन्हात आले. दुसऱ्या कोणाच्या पंख्याला हात लावला असता तर मिस्त्रीने पन्नास घेतले असते. इथे मागायला तोंड उघडलं नाही, याची त्याला चीड आली होती, आणि मुलीने ते बघितलं याची त्याहून जास्त.

*

मुलगी दहा वर्षांची असताना मिस्त्रीपेक्षा झरझर तार ओवायची. पाणबुडी मोटरीच्या खाचा लांबलचक असतात, त्यात तार एकेक करून हाताने ओढावी लागते. तिची बोटं बारीक, नजर धारदार. दुकानात आलेले लोक बघत उभे राहायचे. बारा वर्षांची झाली तेव्हा मिस्त्रीने तिच्या हातून तार काढून घेतली. "पुन्हा इकडे फिरकायचं नाही. तुझे हात वेगळ्या कामासाठी आहेत," असं त्याने चार माणसांदेखत सांगितलं होतं. त्या वाक्याचा त्याला कित्येक वर्षं अभिमान होता.

बँकेतून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात पोचला तर मागच्या खोलीत ती आधीच बसली होती. पायांत मोटरीचा पोकळ गाभा धरला होता, खाचेत सरकावी म्हणून तारेला मेण लावत होती.

"ऊठ तिथून," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, मी हिशेब केलाय. उन्हाळ्याचे चार महिने मी महिन्याला बारा मोटरी जास्त भरू शकते. बाकीचे आठ महिने चार-चार. वर्षाच्या ऐंशी. सोळाशे मजुरीने एक लाख अठ्ठावीस हजार. नोकरीत सगळं जाऊन वर्षाला अडुसष्ट हजार उरतात."

"एवढं शिकून तू हे..."

"एवढं शिकल्यामुळेच. हप्ता नसता तर अठरा हजारांत मी मजेत राहिले असते."

मिस्त्रीने तिच्याशी वाद घातला नाही, कारण आकड्यांत तिची चूक नव्हती. त्याने मागच्या खोलीचं दार लोटून घेतलं, एवढंच. बायकोने गल्लीत कधीचंच सांगून ठेवलं होतं की मुलीचं काम घरूनच असतं, कंपनीने लॅपटॉपवर दिलंय. दार उघडं राहिलं असतं तर ते उघडं पडलं असतं. म्हणून ती दिवसभर त्या बिनखिडकीच्या खोलीत बसायची, पुढे मिस्त्री गिऱ्हाईक बघायचा. आई घरून खाचांत घालायच्या कागदाच्या पट्ट्या कापून आणायची, मोजून देऊन जायची.

पहिल्या चार दिवसांत मुलीच्या तळव्यांची सालं निघाली. चार वर्षं कीबोर्ड बडवून हात मऊ पडले होते. तार ओढताना बोटांच्या पेरांत चिरा जायच्या, त्यात मेण भरायचं. ती चिंधी गुंडाळायची आणि पुन्हा ओढायची. मिस्त्री आत डोकावला की चिंधीचा हात मागे घ्यायची. पण संध्याकाळी भरलेली मोटर मीटरवर तपासली की तिन्ही फेजचे आकडे तंतोतंत सारखे यायचे, आणि एवढं होऊनही त्याच्यातला कारागीर मनातून खूश व्हायचा. या खुशीची त्याला लाज वाटायची.

सोमवारी दुपारी तिचा फोन वाजला. ती तार ओढत होती, मिस्त्री समोर बसून वेढे मोजत होता. मोजणी चालू असताना दुकानात कोणी बोलायचं नाही हा नियम सगळ्या बाजाराला ठाऊक होता. गिऱ्हाईकसुद्धा बोट तोंडावर ठेवून उभं राहायचं. फोन वाजत राहिला. "एकवीस," मिस्त्री म्हणाला आणि तिच्याकडे बघितलं. तिने हात थांबवले नाहीत. "बावीस," त्याने म्हटलं. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. खाच पूर्ण झाली तेव्हा दोघांच्याही अंगाला घाम सुटला होता. अठरा हजारांची नोकरी अशी गेली.

*

त्याच आठवड्यात गिरणीवाल्याची मोटर जळली. एक फेज गेली होती, तरी त्याने गिरणी चालू ठेवली होती. गिरणीवाला म्हणजे मिस्त्रीचा जुना शेजारी. पिठाने भुवया पांढऱ्या झालेल्या, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. काम अडलं होतं म्हणून मिस्त्रीने बाकीच्या मोटरी बाजूला सारून ती घेतली. छिन्नीने जळकी वाइंडिंग तोडली, खाचा घासल्या आणि साच्यावर नवी गुंडाळी करायला बसला.

गिरणीवाला समोरच्या बाकावर बसून होता. निम्मे वेढे झाले आणि त्याला राहवलं नाही.

"मिस्त्री, एक विचारायचं होतं. आमची मुलगी म्हणते, इंजिनिअरताईच्याच कॉलेजात जायचं. मी म्हटलं, आधी मिस्त्रींना विचारतो. घरचं माणूस खरं सांगतं. किती मिळतात हो तुमच्या मुलीला?"

मिस्त्रीचा हात थांबला. मोजणीच्या मधे त्याचा हात आजवर कधी थांबला नव्हता.

मागच्या दाराआड तार ओढल्याची सरसर चालू होती, तीही थांबली. बाकावर अजून दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती मान वर करून बघू लागली. अठरा म्हणावं तर ती अठराही आता नव्हती. काहीच नाही म्हणावं तर पंचवीस वर्षांची इभ्रत या चार माणसांदेखत सांडायची.

"पंचेचाळीस," मिस्त्री म्हणाला.

"हजार?"

"मग काय शेकडा?" तो हसला. हसू कसंबसं जमलं.

"वा!" गिरणीवाल्याने मांडीवर थाप मारली. "मुलीने नाव काढलं!" बाकीच्या दोघांनीही माना डोलावल्या. एक जण म्हणाला, बघा, बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकवलं त्याचं चीज झालं.

ते गेल्यावर मिस्त्रीने साच्याकडे बघितलं. किती वेढे झाले होते ते त्याला आठवेना. त्याने सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मागचं दार उघडलं. मुलगी उंबऱ्यात उभी होती, हाताला चिंधी.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हीपण मला सरासरीत बसवलंत."

मिस्त्री पुटपुटला, "चार माणसं बसली होती गं."

"त्या पुस्तिकेलापण चार माणसांसमोरच बोलायचं असतं. तुम्ही एका कागदावर विश्वास ठेवलात. ते तुमच्यावर ठेवतील. गिरणी जाईल त्यांची." "मोटर द्यायला मी येते. तिथे तुम्ही खरं सांगायचं. नाहीतर मी सांगते."

*

मोटरीचं व्हार्निश वाळायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी ती हातगाडीवर घातली आणि गिरणीत नेली. मिस्त्रीने ती जागेवर बसवली, पट्टा चढवला, बटण दाबलं. गिरणी घुमू लागली. गिरणीवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्याची मुलगी डबे सरकवत होती, तिने ताईला बघून हात पुसले आणि हसली. सतराएक वर्षांची असेल, केसांत पीठ.

मिस्त्रीने गिरणी बंद करायला लावली. मग खाली बघत, एका दमात बोलून टाकलं. पंचेचाळीस खोटं होतं. अठराची नोकरी आली होती, ती घेतली नाही, कारण हप्ता बारा हजार चारशे आहे. मुलगी मागच्या खोलीत मोटरी भरते. ही तुमची मोटर मी भरली, पण दुकानातल्या इतर कितीतरी तिने भरल्यात. कॉलेजात घालू नका. घालायचंच तर कर्ज काढून घालू नका.

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. मुलगी परत आल्यापासून पहिल्यांदाच छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. आता गिरणीवाला खांद्यावर हात ठेवेल, असं त्याला वाटलं.

गिरणीवाल्याने हात ठेवला नाही. तो आत गेला आणि पुस्तिका घेऊन आला. नव्या वर्षाची होती. त्यात सरासरी अठ्ठेचाळीस झाली होती. आतल्या पानावर हसऱ्या मुलामुलींचे फोटो होते आणि दुसऱ्या ओळीत तिसरा फोटो मिस्त्रीच्या मुलीचा होता. खाली लिहिलं होतं, नामांकित कंपनीत निवड.

"हा कोणाचा फोटो?" गिरणीवाला म्हणाला.

"माझाच," मुलगी म्हणाली. "शेवटच्या दिवशी काढला होता. काका, निवड म्हणजे ती अठरा हजारांचीच..."

"काल-परवा पंचेचाळीस. आज अठरा. उद्या म्हणाल, मुलगी शिकायला गेलीच नव्हती." गिरणीवाल्याच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. "मिस्त्री, तुमच्या पोरीचं झालं तेव्हा मी गल्लीत साखर वाटल्यासारखा आनंद केला. माझ्या पोरीची वेळ आली तर तुमच्या पोटात दुखायला लागलं?"

"अहो, हिचे हात बघा!" मिस्त्रीने मुलीचा हात धरून पुढे केला. चिंधी सुटून लोंबत होती.

"बापाला मदत करते. चांगलंच आहे. घरून काम, वर बापाला हातभार." गिरणीवाल्याने गल्ल्यातून मजुरी काढली आणि मिस्त्रीच्या हातावर पूर्ण ठेवली. एरवी तो शंभर तरी घासाघीस करायचा. "आम्ही प्रवेशाचे पैसे भरलेत. परवा बँकेत सही आहे. गिरणीची जागा लिहून द्यायचीय. आता यात वाकडं बोलू नका, म्हणजे झालं."

मिस्त्रीने पैसे खिशात घातले. चार वर्षांपूर्वी त्यालाही कोणी सांगितलं असतं तर त्याने हेच केलं असतं, आणि वर अर्थिंगचे खड्डे ओले होते म्हणून सांगितलं असतं.

ते निघाले तेव्हा गिरणीवाल्याची मुलगी मागून धावत आली. "ताई, तू रागावू नकोस बाबांवर. मला एक सांग, लॅपटॉप कोणता घेऊ? नवा फार महाग आहे."

मिस्त्रीच्या मुलीने तिच्याकडे बघितलं.

"माझा घे," ती म्हणाली. "चांगला चालतो. बारा हजार चारशे."

"वरचे चारशे कशाचे?" गिरणीवाल्याने दारातून विचारलं. हे मात्र त्याने नीट ऐकलं होतं.

"तेवढेच लागतात, काका."

रिकामी हातगाडी ढकलत ते परत निघाले. गाडी खडखडत होती. मिस्त्रीने विचारलं, "तिला का विकलास? तिलाच?"

"पाच तारीख परवा आहे. उधारी वसूल झालीय का तुमची?" मग जरा वेळाने ती म्हणाली, "नुसता नाही देणार मी. त्यात आपला तो हिशेब ठेवणार आहे. बाकी सगळं पुसते. तेवढं एकच, पडद्याच्या मधोमध. वर मोठ्या अक्षरांत लिहिते, आधी हे वाच. माझं नाही ऐकलं, तुमचं नाही ऐकलं. आकडे तरी वाचेल. हुशार आहे पोरगी."

त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट जेवली. मिस्त्रीलाही वाटलं की निदान एक काम नीट झालं. पाच तारखेला त्याने पैसे भरले. साहेबाने पावतीवर शिक्का मारला आणि विचारलं, "म्हणजे लागली वाटतं नोकरी?" मिस्त्रीने नुसती मान हलवली. पंखा मुकाट फिरत होता.

*

तीन आठवड्यांनी आभाळ भरून येऊ लागलं आणि मोटरींची ओळ आटली. शेवटच्या दोन राहिल्या होत्या. गिरणीतलं बोलणं गल्लीभर झालं होतं, आता लपवायचं काही उरलं नव्हतं, मागच्या खोलीचं दार सताड उघडं असायचं आणि लोक आत डोकावून "काय इंजिनिअर, कितवी?" म्हणून विचारायचे. ती आकडा सांगायची. तिच्या तळव्यांना आता घट्टे पडले होते, चिंधी लागत नव्हती.

दुपारी गिरणीवाल्याची मुलगी आली. नवीन पिशवी खांद्याला होती. पुढच्या सोमवारी जाणार होती ती, निरोप घ्यायला आली होती. मिस्त्री वेढे मोजत होता, म्हणून ती बोट ओठांवर ठेवून उभी राहिली. खाच संपली तशी बोलायला लागली.

"ताई, लॅपटॉप एकदम मस्त चालतोय. आधी थोडी भीती वाटली होती. त्यात मधोमध काहीतरी राहिलं होतं, आधी हे वाच असं."

मिस्त्रीच्या मुलीने तार खाली ठेवली. "वाचलंस?"

"छे गं! कॉलेजच्या ऑफिसात फॉर्म भरायला गेलो होतो ना, तिथल्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, असं काही लिहिलेलं असलं तर उघडायचंच नाही, व्हायरस असतो. त्यांनी स्वतः पुसून दिलं." ती हसली. "तुला माहीत नव्हतं? तू तर इंजिनिअर आहेस."

मिस्त्रीच्या मुलीने मान खाली घालून बोटांवरचं मेण खरवडलं. गिरणीवाल्याची पोर जराशी गोंधळली, वाकून मिस्त्रीच्या पाया पडली. मिस्त्रीच्या तोंडातून सवयीने "मोठी हो" एवढं निघालं.

ती गेल्यावर मुलीने पुन्हा तार उचलली आणि मेण लावलं. "मोजा, बाबा," ती म्हणाली.

मिस्त्रीने मोजायला सुरुवात केली.